मकारोविचांचं मंगलाष्टक

"शेजारी एक रशियन कवी राहायला आलाय," असं शिरीषने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, दारात बूट काढता काढता सांगितलं तेव्हा मी चकल्या पाडत होते. मी म्हटलं, "येऊ दे बापडा. कचऱ्याची पिशवी दारात ठेवत नसला म्हणजे झालं." आधीच्या शेजाऱ्यांनी त्या पिशवीवरून माझं डोकं उठवलं होतं. कवी असो नाहीतर कंत्राटदार, शारजात अल मजाजच्या एकविसाव्या मजल्यावर माणसाची परीक्षा ह्याच एका गोष्टीत होते.

त्या परीक्षेत गेनादी मकारोविच शंभरपैकी शंभर मार्कांनी पास झाले. कचरा टाकायची खोली लिफ्टच्या पलीकडे, उणीपुरी पंधरा पावलं. तेवढ्यासाठी हा पंचाहत्तरीचा माणूस इस्त्रीचा शर्ट घालायचा, टाय बांधायचा आणि पिशवी हातात धरून सभेला निघाल्यासारखा चालत जायचा. शिरीष त्याच पॅसेजमधून बनियनवर जात असे. पंधरा दिवसांत त्याचा बनियन बंद झाला. सत्तावीस वर्षं मी बोंबलून जे झालं नव्हतं ते ह्या माणसाच्या टायने केलं, म्हणून मी त्यांचे आधीच उपकार मानले होते.

ओळख झाली ती मात्र माझ्या आवाजामुळे. आमचा धंदा डब्यांचा आणि फराळाचा, पण दुबई-शारजातल्या मराठी मंडळींत माझी खरी ओळख म्हणजे मंगलाष्टकंवाली सुनंदा. कुणाचंही लग्न असो, अंतरपाटाच्या बाजूला माइक माझ्या हातात. प्रत्येक घरासाठी मी नवी रचून देते. आजोबा, आत्या, मामा सगळ्यांची नावं त्या चालीत बसवते. एका सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालताना कुणाच्या तरी लग्नाचं म्हणत होते. चौथी ओळ संपते न संपते तोच बेल वाजली. दारात मकारोविच. टाय होताच, हातात चहाचा चमचाही होता.

"हे कोणाचं संगीत?" त्यांनी विचारलं. त्यांचं इंग्रजी कामचलाऊ, माझंही कामचलाऊ, त्यामुळे आमचं पहिल्या दिवसापासून जमलं.

"कोणाचं नाही. फार जुनं आहे. हजार वर्षं असेल."

"म्हणजे संगीतकार मेला?"

"कधीच!"

"उत्तम," ते म्हणाले. "मेलेले संगीतकार भांडत नाहीत."

मग त्यांनी त्याच चमच्याने माझ्या दाराच्या चौकटीवर ठोके दिले. बारा ठोके, जरा थांबले, मग सात. शार्दूलविक्रीडित! एकोणीस अक्षरं, बाराव्यावर विसावा. मिरजेच्या शाळेत हे वृत्त शिकवताना बाई रडकुंडीला यायच्या, आणि ह्या बाबाने कपडे वाळेपर्यंत ऐकून पकडलं होतं. मी खूश होऊन चार चकल्या वाटीत घालून त्यांच्यापुढे धरल्या. त्यांनी हात मागे घेतला. मला वाटलं, राग आला की काय. तर ते उंबरा ओलांडून आत आले आणि मग वाटी घेतली. "दारावरून देत नाहीत, घेत नाहीत. आमच्याकडे वाईट," ते म्हणाले. मी कपाळावर हात मारला. अहो, आमच्याकडेही तेच! माझी आई उंबऱ्यावरून मीठसुद्धा देत नसे. मी परदेशात राहून विसरले आणि हा माणूस परदेशातून येऊन मला आठवण करून देत होता.

त्याच दिवशी त्यांनी माझं पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं, सुनंदा शिरीष अमुकतमुक. शिरीष कोण? नवरा. मकारोविचांनी मान हलवली. त्यांच्याकडे माणसाच्या नावापुढे बापाचं नाव लागतं, बाईच्याही, आणि लग्न झालं म्हणून ते कुणी काढून घेत नाही. बापाचं नाव काय? दत्तात्रेय. ते त्यांनी दोनदा तोंडात घोळवलं आणि मला कमरेत वाकून म्हणाले, "नमस्कार, सुनंदा दत्तात्रेयोव्ना."

आता ह्यात रडण्यासारखं काही नव्हतं. पण बाबांना जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती आणि लग्न झाल्यापासून माझ्या नावाशेजारी त्यांचं नाव कुणी उच्चारलं नव्हतं. मी चहा करायचं निमित्त करून आत गेले. त्यानंतर ते कायम मला तशीच हाक मारत. लिफ्टमध्ये, खाली दुकानात, भर गर्दीत. आमचा मल्याळी वॉचमनसुद्धा पुढे पुढे मला "त्रेयोव्ना मॅडम" म्हणायला लागला.

ते कवी होते म्हणजे गाण्यांचे कवी. तीनशेच्या वर गाणी. सिनेमाची, रेडिओची, कारखान्यांच्या वाढदिवसांची, एक तर दाताच्या पेस्टचंही होतं आणि ते अजिबात न लाजता म्हणून दाखवायचे. चाल आधी, शब्द मागून, असं सगळं आयुष्य. "कविता बसून वाचता येते," ते म्हणायचे. "गाणं असं पाहिजे की बाईला ताटं धुताना म्हणता आलं पाहिजे. ताट हातातून सुटलं की समज, ओळ चुकली." मी त्यांची ती कसोटी माझ्या मंगलाष्टकांना लावून पाहिली. तीन बाद झाली.

काम करायची त्यांची पद्धत मी माझ्याच ओट्याशी बसून शिकले. चाल मिळाली की खरे शब्द लगेच शोधायचे नाहीत. आधी त्या चालीत वाटेल ते भरायचं, म्हणजे मोजमाप तोंडात बसतं. त्यांच्या धंद्यात ह्या भरताडाला 'मासा' म्हणतात, का ते त्यांनाही सांगता आलं नाही. मकारोविचांचा मासा नेहमी किराण्याचा. कार्तोश्का, लूक, मलाको. म्हणजे बटाटे, कांदा, दूध. "प्रत्येक मोठं गाणं आधी बटाटे असतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग मीही मराठीत मासा सोडला:

'कांदे आणि दही हवे मिरचिही, सांगा कधी आणता?'

एकोणीस बरोब्बर! मकारोविचांनी चमच्याने मोजलं आणि टाळ्या वाजवल्या. शिरीषला मात्र ते खरंच वाटलं. तो बिचारा पिशवी घेऊन खाली गेला आणि तिन्ही वस्तू घेऊन आला.

एकदा संध्याकाळी जवळच्या लगूनच्या, म्हणजे खाडीच्या, काठावर आम्ही तिघं चालत होतो. हिरवळीवर एक रशियन कुटुंब चटई टाकून बसलेलं, आणि त्यातला जाडजूड गृहस्थ गात होता. मकारोविच थबकले. गाणं त्यांचं होतं. ते जवळ गेले, टोपी काढली आणि काहीतरी अदबीने म्हणाले. गृहस्थाने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ठसक्यात उत्तर दिलं. परत आले ते खदाखदा हसत. एक शब्द चुकत होता, तो त्यांनी दुरुस्त केला होता. त्यावर तो म्हणाला, "आजोबा, मला शिकवू नका. हे गाणं मी लहानपणापासून म्हणतोय."

"अहो, मग सांगायचं ना, मी लिहिलंय म्हणून!" मी चिडले.

"कशाला? आता ते त्याचं आहे. आणि त्याचा शब्द जास्त चांगला आहे."

असा हा माणूस. कुणी विचारलं कसे आहात, की "नॉर्माल्ना," म्हणजे ठीक चाललंय. इथे आल्यावर दोन अरबी शब्द उचलले होते, काम सुरू करताना "यल्ला" आणि ओळ जमली की "खलास." बायको वारल्यावर मुलीने इथे आणलं होतं. मुलीचं नाव लेना, चाळिशीची, प्रॉपर्टीच्या ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर. वागायला अदबशीर, बापाची औषधं, चष्मा, डॉक्टर सगळं वेळच्या वेळी. पण दोघं एका टेबलाशी बसली की बोलणं औषधांपलीकडे जात नसे. मला ते खटकायचं. म्हटलं, आपल्याला काय करायचंय. पण करायचं असतंच हो, भिंतीला भिंत लागलेली असते.

मग आमच्या गौरीचं लग्न ठरलं. गौरी इथेच जन्मलेली, मी मराठीत विचारावं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यावं ह्यात वाढलेली. बातमी सांगायला पेढे घेऊन गेलो, रीतसर उंबऱ्याच्या आत जाऊन दिले. मकारोविचांनी गौरीचे दोन्ही हात धरले आणि पहिला प्रश्न केला तो शिरीषला. "तुम्ही हजर असणार?"

"म्हणजे काय! मीच बाप आहे."

"हो, हो. पण असणार ना?"

लेना तटकन उठून आत गेली. मला कळेना, काय बिनसलं ते.

कळलं दोन दिवसांनी, तिच्याचकडून, लिफ्टची वाट बघताना. तिच्या लग्नाच्या दिवशी मकारोविच मॉस्कोत स्टुडिओत होते. सिनेमाचं गाणं होतं, संगीतकाराला एक ओळ बदलून हवी होती. दोन तासांचं काम म्हणून गेले. दोनाचे वीस झाले. घरी पोहोचले तेव्हा लग्न लागून, जेवणं होऊन, भांडीसुद्धा धुऊन झाली होती. "अँड यू नो व्हॉट साँग?" लेना म्हणाली. "वेडिंग साँग." ते गाणं आजही त्यांच्याकडे लग्नांत वाजतं. वाजलं की ती हॉलबाहेर जाऊन उभी राहते. तिचं लग्न पुढे टिकलं नाही, ती गोष्ट वेगळी, त्याचा तिला आता राग नाही. राग ह्याचा. "ही रोट फॉर एव्हरीबडी," ती म्हणाली. "मला सोडून."

त्याच संध्याकाळी मकारोविच आले. टाय जरा घट्टच बांधलेला. "सुनंदा दत्तात्रेयोव्ना, गौरीच्या लग्नात एक कडवं माझं घ्या. आणि माझे शब्द म्हणाल तेव्हा मी खोलीत असेन. तीनशे गाण्यांत हे एकदाही झालं नाही, की नवरी समोर आहे आणि मी हजर आहे."

नाही कोण म्हणणार? मी म्हटलं, यल्ला.

आठ दिवस भिंतीपलीकडून चमचा ऐकू येत होता. बारा, विसावा, सात. नवव्या दिवशी कागद आला. त्यांनी रशियनमध्ये एकोणीस-एकोणीस अक्षरांच्या चार ओळी लिहिल्या होत्या. आता त्याचं इंग्रजी करणार कोण? गौरीने फोनवर करून पाहिलं, तर फोनने अंतरपाटाचा टॉवेल केला. लेनाशिवाय गत्यंतर नव्हतं. मी तिला चहाला बोलावलं आणि कागद पुढे ठेवला. नाही म्हणू नये म्हणून सोबत पुरणपोळीही ठेवली.

पहिल्या दोन ओळी तिने भराभरा सांगितल्या. मी जन्मभर मोठमोठे पडदे पाहिले, पण दोन मामांनी धरलेला एवढासा पडदा आणि त्यामागे एवढं मोठं काही, हे पाहिलं नव्हतं, असं काहीतरी. तिसऱ्या ओळीवर ती थांबली. पोळीचा तुकडा हातात तसाच.

"काय आहे?"

"बिटर," ती म्हणाली. "कडू. तीन वेळा लिहिलंय. कडू, कडू, कडू."

मी हबकले. मंगलाष्टकात कडू? मग तिने समजावलं. त्यांच्या लग्नात पाहुणे पेला उचलून ओरडतात, "कडू! कडू!" म्हणजे पेय कडू लागतंय, नवरानवरीने एकमेकांचा मुका घेतल्याशिवाय गोड व्हायचं नाही. सगळे ओरडतात, बाप सगळ्यात मोठ्याने. "माझ्या लग्नात सगळे ओरडले," लेना म्हणाली. कागदाची तिने व्यवस्थित घडी केली, परत उघडली. मला रडू येत होतं, खोटं कशाला सांगू.

पण घरात लग्नासाठी मिरजेहून मालूवन्सं आल्या होत्या. शिरीषच्या थोरल्या बहीण. कोथिंबिरीच्या जुडीचे दिरहम ऐकून मोठ्याने रुपये करायच्या आणि मग जुडी परत ठेवायच्या. मी ते कडवं मराठीत बसवून मंगलाष्टकांच्या वहीत उतरवलं होतं. ती वही त्यांनी वाचायला घेतली आणि किंचाळल्याच. "अगं बाई! अंतरपाटापाशी कडू? तीन तीनदा? सुनंदा, तुझं डोकं फिरलंय का? लोक काय म्हणतील!"

मी मकारोविचांना जाऊन विचारलं, शब्द बदलता येईल का. आयुष्यभर ह्या माणसाने संपादकांसाठी, संगीतकारांसाठी, पेस्टवाल्यांसाठी शब्द बदलले होते. मला वाटलं, चमचा घेतील आणि दुसरा देतील. त्यांनी मान हलवली. "बाकी सगळं बदला. तो शब्द मी त्या दिवशी म्हणायचा होता. राहून गेला." मग हळूच म्हणाले, "नसेल चालत तर कडवं काढून टाका. मी नुसता येईन, अक्षता टाकीन. नॉर्माल्ना."

ते नॉर्माल्ना मला सहन होईना. मी तडक घरी आले. मालूवन्सं हरभऱ्याची डाळ निवडत बसल्या होत्या.

"वन्सं, पाडव्याला सकाळी उठून आपण पहिल्यांदा तोंडात काय घालतो?"

"कडुनिंब. का गं?"

"वर्षाच्या पहिल्या दिवशी? सणासुदीला? अंगणात गुढी उभी असताना कडू?"

त्यांचा हात डाळीत थांबला. माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "भारी वकील आहेस," त्या म्हणाल्या. "पण निंबाबरोबर गूळ असतो. म्हण त्या तुझ्या कवीला, शेवटी गोड घाल. आणि तीनदा नको. एकदा पुरे."

निरोप पोहोचवला. मकारोविचांनी पाडव्याचं सगळं नीट ऐकून घेतलं, निंबाचं पान कसं लागतं तेही विचारलं. मग बराच वेळ चमचा वाजवत बसले. "एकदा? बरं. गोडही घाला," ते म्हणाले. "पण एक शब्द त्याबरोबर घाला. हळूहळू. गोड लगेच येत नाही. खोटं लिहायचं नाही. खलास."

लग्न सकाळचं होतं. दुबईतला हॉल, एसी इतका की भटजींनी उपरण्यावर शाल घेतली होती. मकारोविच काळ्या सुटात, पहिल्या रांगेत, तासभर आधीच येऊन बसले होते. शिरीषने दोनदा सांगितलं, अजून वेळ आहे, कॉफी घ्या. ते खुर्चीवरून उठायला तयार नव्हते. लेना शेवटच्या रांगेत, दाराजवळ. मी माइक हातात घेतला तेव्हा मला दोघंही दिसत होते. अंतरपाट धरला. इतरांची कडवी झाली, अक्षता पडल्या. मग मी म्हटलं, हे आमचे शेजारी गेनादी मकारोविच यांचं. पहिल्या दोन ओळी झाल्या, आणि मग:

'जे जे काय कडू असेल जगती, दोघांत वाटून घ्या,
गोडी मागुन येतसे हळुहळू, कुर्यात् सदा मंगलम्!'

शुभमंगल सावधान झालं, अक्षतांचा पाऊस पडला, मालूवन्संनी तर दोन मुठी टाकल्या. मकारोविच उभे होते आणि मूठ मिटलेलीच. टाकायचं विसरले होते. ओठ हलत होते. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून लेना चालत आली. दाराकडे नाही, पुढे. तिने बापाची मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली, एक एक बोट उघडलं आणि तो हात वर उचलून अक्षता टाकायला लावल्या. त्यानंतर मी उरलेली दोन कडवी कशी म्हटली ते मला विचारू नका. रेकॉर्डिंगमध्ये गौरी हसताना दिसतेय आणि माझा आवाज फाटलेला ऐकू येतोय.

उन्हाळ्याआधी लेनाचं ऑफिस अबू धाबीला गेलं आणि त्यांनी अल रीम आयलंडवर घर घेतलं. आता फोन होतात, सणाला मी डबा पाठवते, उत्तर ठरलेलं, नॉर्माल्ना. पण माझ्या डोळ्यांसमोर राहिलेत ते त्या निघायच्या सकाळचे मकारोविच.

सामान ट्रकमध्ये गेलं होतं. रिकाम्या हॉलमध्ये दोन बॅगा आणि तीन खोके. आम्ही निरोप द्यायला उभे होतो, तर मकारोविच म्हणाले, बसा. प्रवासाला निघण्याआधी त्यांच्याकडे सगळ्यांनी क्षणभर गप्प बसायचं असतं. शिरीष एका खोक्यावर, मी दुसऱ्यावर, मकारोविच बॅगेवर, टाय बांधून, आणि त्यांच्याशेजारी दुसऱ्या बॅगेवर लेना. चमचा पॅक झाला होता म्हणून त्यांचं बोट गुडघ्यावर आपोआप वाजायला लागलं. बारा, विसावा, सात.

आणि लेना, जमिनीकडे बघत, अगदी हलक्या आवाजात त्या ठोक्यांवर म्हणायला लागली. चाल माझ्याच मंगलाष्टकाची. शब्द ऐकून शिरीषने माझ्याकडे पाहिलं, काय म्हणतेय म्हणून. मी त्याला हाताने गप्प बसवलं. मला सगळे शब्द येत होते. कार्तोश्का, लूक, मलाको. बटाटे, कांदा, दूध.

मकारोविचांचं बोट क्षणभर थांबलं. मग त्यांनी ते उचलून लेनाच्या गुडघ्यावर ठेवलं आणि पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.